भावाला न सांगता

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. चार वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला आणि तो मेंदूपर्यंत गेला. दोन महिन्यांनी उठून बसला, पण शाळा त्याला पुढे झेपली नाही. त्याला वाचता येतं, बोट ठेवून, सावकाश. घड्याळ तर माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अनोळखी माणूस समोर आला, रस्ता ओलांडायची वेळ आली, किंवा रोजच्या ठरलेल्या गोष्टीत काही बदल झाला की मात्र तो जागच्या जागी थिजून जातो.

आई होती तोवर आम्ही गंगेकाठी ब्रह्मा घाटावरच्या गल्लीत राहत होतो, चुलत्यांच्या घरांना लागून. तिथे त्याचं काही अडत नसे. सकाळी पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरून आंघोळ, मग पाठशाळेच्या ओट्यावर बसून मुलांची संथा ऐकणं, मग घरी. नावाडी त्याला हाक मारत, दहीवालाही. कधी भलतीकडे गेलाच तर कोणीतरी हाताला धरून आणून सोडत असे. त्या गल्लीला तो पाठ होता आणि गल्ली त्याला.

आई गेली. मी विद्यापीठाकडे एका ग्रंथालयात नोकरीला, घाटापासून जायला यायला दोन तास मोडत. दिवसभर त्याला वहिनीच्या, म्हणजे चुलतभावाच्या बायकोच्या, गळ्यात घालणं किती दिवस चालणार? म्हणून मी ग्रंथालयाच्या जवळ, महमूरगंजला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आम्ही दोघं तिकडे राहायला गेलो. लिफ्ट होती, जनरेटर होता, दाराशी गार्ड होता. मला वाटलं, त्याच्यासाठी हे सुरक्षित आहे.

तो पाच महिने घराबाहेर पडला नाही. सकाळी मी डबा घेऊन निघाले की तो बाल्कनीत येऊन उभा राही, संध्याकाळी परतले की तिथेच उभा. लिफ्टचं दार सरकलं की दचकायचा. शेजारचे विचारत, "भाई साहब की तबीयत ठीक रहती है न?" मी हो म्हणायचे.

त्या हिवाळ्यात खाली जनरेटरच्या मागे एक कुत्री व्यायली. चार पिल्लं. थंडीने दोन गेली, एक गाडीखाली आलं. हे सगळं त्याने वरून पाहिलं असणार. एका संध्याकाळी मी लिफ्टमधून बाहेर आले तर आमचं दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही. धावत जिन्याने खाली गेले तर तो पार्किंगमध्ये उकिडवा बसलेला. स्वेटरच्या आत काहीतरी वळवळत होतं.

"ताई, हे थंड झालंय," तो म्हणाला.

पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच खाली आला होता, तोही एकटा. मी त्या पिल्लाला नाही म्हणू शकले नाही.

त्याने पिल्लाला नाव ठेवलं नाही. कुठेही न्यायचं झालं की म्हणायचा, "चल." महिनाभरात पिल्लाला वाटू लागलं की आपल्याला चल म्हणतात. मग आम्हीही तेच म्हणू लागलो. जनावरांच्या डॉक्टरांच्या वहीतही तेच लिहिलं गेलं.

रस्त्यावरच्या कुत्र्याला चौथ्या मजल्यावर राहायला शिकवणं किती कठीण असतं, ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात चलने बाल्कनीत केलेली शू नळीतून खाली ठिबकली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडली. त्या वर आल्या, बरंच बोलल्या. बोलण्यात चूक नव्हती. लिफ्टची घंटी वाजली की तो भुंकायचा. बाल्कनीत माकडं आली की जाळीवर चढून जायचा. लग्नसराईत खालून बँड गेला की पलंगाखाली शिरून थरथरत राही. अपार्टमेंटच्या कमिटीने मला बोलावून सांगितलं की दोन महिन्यांत सुधारला नाही तर ठेवता येणार नाही.

मी एक शिकवणारा माणूस शोधला. पोलिसांच्या कुत्र्यांबरोबर काम करून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते चार वेळा आले. पहिल्या दोन वेळा त्यांनी मला शिकवलं: शब्द एकच हवा, वेळ एकच हवी, बक्षीस लगेच द्यायचं, रागावायचं नाही. मला ते पाळता येईना. थकून यायची मी. एखाद्या दिवशी अर्धा तास उशीर व्हायचा, एखाद्या दिवशी तोंडातून भलताच शब्द जायचा. भाऊ कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. तिसऱ्या खेपेला ते आले तेव्हा पट्टा भावाच्या हातात होता. सहा वाजता खाली, साडेदहाला खाली, चारला, आठला. लिफ्ट येण्याआधी तो एकदा म्हणे, "बस." कुत्रं बसलं की खिशातला भाजलेला चणा. लिफ्टमध्ये उजवा कोपरा. कोणी आत आलं की हाताचा तळवा कुत्र्याच्या डोळ्यांसमोर. एकही दिवस, एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

चौथ्या खेपेला ते गृहस्थ अर्ध्या तासातच उठले. जाताना मला म्हणाले, "माझं इथे काही काम उरलेलं नाही. इतकी वर्षं मी माणसांना हेच शिकवतो आणि कोणाला जमत नाही, तुमच्या भावाला ते उपजत आहे." त्याचं हे रोज तेच तेच करणं घरातल्या सगळ्यांना कायम नडलेलं होतं. वडील होते तेव्हा त्यावरून त्याला मारायचेसुद्धा. मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

पुढची अकरा वर्षं त्या चार फेऱ्यांवर चालली. त्यातच भाऊ माणसांत आला. कुत्र्याला शी-शूसाठी मैदानापाशी न्यावं लागे, म्हणजे एक रस्ता ओलांडावा लागे. तो कुत्र्याला "थांब" म्हणायचा, दोघंही थांबायचे, टोटोंची, म्हणजे ई-रिक्षांची, रांग गेली की दोघं मिळून ओलांडायचे. नाक्यावरचा भाजीवाला त्याच्याशी बोलू लागला. ज्यांच्या चादरी खराब झाल्या होत्या त्या बाई त्याच्याकडे दळण आणायला देऊ लागल्या, कारण गिरणी त्याच वाटेवर होती. मुलं विचारायची, "अंकल, चल को छू लें?" तो आधी कुत्र्याला बसवायचा, मग त्यांना सांगायचा, पाठीवर हात लावा, डोक्यावर नको. मला ग्रंथालयात बसून हे काही दिसायचं नाही. रविवारी त्याच्याबरोबर खाली गेले की कळायचं की मला इथे कोणी ओळखत नाही, त्याला ओळखतात.

आमच्याकडे अंडं कधी घरात आलं नव्हतं. डॉक्टरांनी रोज एक द्यायला सांगितलं तेव्हा मी बाल्कनीत एक छोटी विजेची शेगडी ठेवली. भाऊ तिथे अंडं उकडायचा, सोलायचा, चार तुकडे करून द्यायचा. सुई टोचायची असली की मात्र चल कोणाला जवळ येऊ देत नसे. पाय ओढून घ्यायचा, दात दाखवायचा. भाऊ खाली बसून त्याची मान आपल्या काखेत घ्यायचा आणि कानाशी काहीतरी पुटपुटायचा, मग कुत्रं हलत नसे. डॉक्टर म्हणायचे, "आप हैं तो मेरा काम आसान है, भइया."

अकराव्या वर्षी चल मागचे पाय ओढत चालू लागला. मग तो जिना चढेना. बिजली जाऊन जनरेटर बिघडला की भाऊ त्याला खांद्यावर घालून चार मजले उतरायचा आणि चढायचा, आणि तोही पन्नाशीला आला होता. मग चलचं खाणं सुटलं. रक्त तपासलं. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की मूत्रपिंडं गेली आहेत, पंधरा दिवस फार तर, आणि ते दिवस वाईट जातील. कायमचं झोपवायचं इंजेक्शन देता येईल. "सोच लीजिए, दीदी," ते म्हणाले. "और भाई साहब से बात ज़रूर कर लीजिएगा."

मी म्हटलं, बोलेन.

मी बोलले नाही. तीन दिवस मी तोंड उघडायचा प्रयत्न करत होते असं म्हणणं खोटं ठरेल. पहिल्याच संध्याकाळी मी ठरवून टाकलं होतं. मला भीती वाटत होती की तो नाही म्हणेल, किंवा आक्रोश करेल, किंवा थिजून जाईल आणि पुन्हा कधी उठणार नाही. कुत्र्याला इतकं दुखत असताना भावाला समजावत बसायला माझ्यात बळ नव्हतं. मी वहिनीला फोन केला आणि सांगितलं की गुरुवारी त्याला जेवायला बोलाव, दिवसभर ठेवून घे. चुलतभाऊ स्कूटरवर न्यायला आला.

भाऊ दारात थबकला. "चारला चलला कोण नेणार?"

"मी रजा घेतली आहे," मी म्हटलं. "मी नेईन."

"उचलून न्यायचं. पोटाखाली हात घालून."

"हो."

तो कुत्र्यापाशी वाकला, "येतो" म्हणाला आणि गेला.

डॉक्टर बारा वाजता कंपाउंडरला घेऊन आले. चल बाल्कनीत त्याच्या गोधडीवर पडलेला होता. डॉक्टरांनी विचारलं, भाई साहब कुठे आहेत? मी म्हटलं, त्यांना हे बघवणार नाही. त्यांनी पिशवी उघडली. उठायचीही ताकद नव्हती त्या कुत्र्यात, पण सुई पाहिली आणि त्याने पाय ओढून घेतला. मी धरलं, पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा कंपाउंडरने त्याची मान गोधडीवर दाबून धरली. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता. मग सगळं फार लवकर झालं.

कंपाउंडर रामनगरचे. गंगेच्या पुलापलीकडे त्यांची थोडी शेतजमीन आहे, तिथे पुरतो म्हणाले. गोधडीसकट उचलून घेऊन गेले. मी बाल्कनी धुतली. मग बसून काय सांगायचं ते ठरवलं.

भाऊ सहाला परतला. मी सांगितलं की चलला डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं आहे, औषध चालू आहे. "किती दिवस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बघू. त्याने चलचा वाडगा घासून पालथा ठेवला. डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं होतं की चौकशी झालीच तर तुम्हीही हेच सांगा. हळूहळू मी त्याची समजूत घालेन. त्यांनी नाखुशीने हो म्हटलं.

माझा हिशेब असा होता की तो कुत्र्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. दवाखाना मैदानाच्याही पुढे, आणखी एक मोठा रस्ता ओलांडून. तिथे तो एकटा कधी गेलेला नव्हता.

मी रोज कामावर जात होते; मधल्या रविवारीही ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी होती. संध्याकाळी तो शांत दिसायचा. चलबद्दल एकदाच विचारायचा, मी म्हणायचे, अजून आहे तिथे. मान डोलवायचा. मला वाटलं, विसरत चालला आहे. खरं सांगायचं तर मला हायसं वाटू लागलं होतं. घरात अंडी मात्र संपत होती. मी त्याचं कारण विचारलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मी वाचनकक्षाच्या बाहेर जाऊन घेतला. ते म्हणाले, "दीदी, भइया रोज आते हैं। ठीक साढ़े दस बजे, डिब्बे में अंडा लेकर। मैं रोज कहता हूँ, कल आइए। आज मुझसे नहीं हुआ। आज मैंने बता दिया।"

मी विचारलं, तो काय म्हणाला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. डबा उचलला आणि गेला.

मी ग्रंथालयातून घरी कशी आले ते आठवत नाही. दार आतून लावलेलं होतं. घंटी वाजवल्यावर त्याने लगेच उघडलं. चेहरा रोजच्यासारखाच. मी पर्स तशीच धरून उभी. तो जाऊन खुर्चीत बसला.

"डॉक्टर म्हणाले, तो गेला," तो म्हणाला. "त्याच दिवशी गेला. मी वहिनीकडे होतो तेव्हा."

"हो."

"तुला वाटलं मी रडेन."

"हो रे."

"रडलो असतो." तो थांबला. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागतो, मी मध्ये बोलले नाही. "पण धरलं असतं ना त्याला. त्याला सुईची भीती वाटते. मी धरलं की तो पाय ओढत नाही." मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ओढला का त्याने पाय?"

नाही म्हणणं माझ्या अगदी ओठावर होतं. ती एक गोष्ट तरी त्याच्यापासून लपवावी असं वाटलं. पण तो नऊ दिवस दोन रस्ते एकटा ओलांडून गेला होता, टोटो थांबेपर्यंत कडेला उभा राहून. मला ते जमलं नाही.

"तीनदा ओढला," मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. नंतर म्हणाला, "आईच्या वेळी पण तू मला वहिनीकडेच पाठवलं होतंस."

आई गेली त्या सकाळी मोठ्या मंडळींनी ठरवलं होतं की त्याला हे सोसणार नाही. त्याला वहिनीच्या घरी वरच्या खोलीत नेऊन बसवलं, लाडू दिला. आम्ही आईला मणिकर्णिकेला नेलं. अग्नी चुलतभावाने दिला. सख्खा मुलगा हाकेच्या अंतरावर बसलेला असताना. संध्याकाळी त्याला सांगितलं की आई देवाघरी गेली. तो तेव्हा काही बोलला नाही, पुढेही कधी त्याने तो विषय काढला नाही. बारा वर्षं मी धरून चालले होते की त्याला ते कळलंच नव्हतं. मोठ्यांनी ठरवलं होतं हे खरं, पण त्याला हाताला धरून वहिनीच्या जिन्यावरून वर नेणारी मीच होते.

मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसले आणि रडले. तो रडला नाही. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, डोक्यावर नाही, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "साडेचार वाजले, चहा कर."

पुढच्या रविवारी आम्ही टोटोने पुलावरून रामनगरला गेलो. कंपाउंडर रस्त्यावर घ्यायला आले होते. उन्हाळा होता, जमीन रिकामी पडलेली, कुंपणाच्या कडेला थोडी उकरलेली माती आणि तिच्यावर दोन विटा. भावाने विचारलं, तोंड कुठल्या बाजूला आहे? कंपाउंडर गोंधळले. मग म्हणाले, "सच कहूँ भइया, याद नहीं है।" भावाला ते चाललं. त्याने डबा उघडला, उकडलेलं अंडं सोललं, चार तुकडे करून विटेवर ठेवले. टरफलं गोळा करून खिशात घातली. परत येताना पुलावर टोटो बराच वेळ अडकली होती. खाली गंगेला पाणी कमी होतं, वाळूचे पट्टे वर आलेले. तो मागे, रामनगरच्या बाजूला बघत होता.

याला दोन वर्षं झाली. मी आता निवृत्त झाले आहे, दिवसभर घरीच असते. तो एकटा खाली जात नाही. संध्याकाळी मी म्हटलं तर माझ्याबरोबर नाक्यापर्यंत येतो, भाजीवाल्याशी दोन शब्द बोलतो, परत येतो. दळण आता मीच नेते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या भाच्याकडचं एक पिल्लू देऊ केलं होतं. मी आधी त्याला विचारलं. तो नको म्हणाला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तो माझ्यावर रागावलेला नाही. एकत्र जेवतो, टीव्ही बघतो, माझे पाय दुखले तर तेल आणून देतो. फक्त मी काहीही सांगितलं की तो विचारतो, "खरं?" मी म्हणते, आज एकादशी आहे. "खरं?" मी म्हणते, वहिनीचा फोन आला होता, ती बरी आहे. "खरं?" टोमणा नसतो त्यात. त्याला टोमणा मारता येत नाही. त्याला फक्त खात्री करून घ्यायची असते, आणि मी प्रत्येक वेळी हो, खरं, असं सांगते.

परवा दुपारी बिजली गेली, जनरेटरही लागला नाही. घामाने दोघंही भिजलो होतो. मी त्याला वारा घालत म्हटलं, येईल रे दहा मिनिटांत.

"खरं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने मान डोलवली, माझ्या हातातला पंखा घेतला आणि मला वारा घालू लागला.